ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट व्हायचंय? आधी एक पान लिहून दाखवा

विको टर्मरिक आठवते? पेंढारकरांच्या या कंपनीची सुरुवात १९५२ची. तिच्या क्रीमच्या जाहिरातीत एकच गोष्ट ठासून सांगितलेली असायची: हे कॉस्मेटिक नाही, आयुर्वेदिक आहे. ऐकणाऱ्याला ती नुसती जिंगल वाटायची. पण ज्या घरात लग्नाआधी हळद लागते, त्या घराला हळदीची क्रीम समजावून सांगावी लागत नाही. शिवाय ही वस्तू कॉस्मेटिक धरायची की आयुर्वेदिक औषध, यावर उत्पादन शुल्क ठरत होतं आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टीव्हीवरचं म्हणणं आणि कोर्टातलं म्हणणं एकच होतं. आपण कोणत्या फळीवर बसायचं, कोणाच्या शेजारी बसायचं नाही, हे ठरवून वर्षानुवर्षं त्याला चिकटून राहणं, याला ब्रँड स्ट्रॅटेजी म्हणतात.

उलटं उदाहरण टाटा नॅनोचं. जानेवारी २००८मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लाखाची गाडी म्हणून तिचं कोण कौतुक झालं! पण आपल्याकडे गाडी घेतली की पेढे वाटतात, हार घालून दारात पूजा करतात. ‘सगळ्यात स्वस्त गाडी घेतली’ असं शेजाऱ्याला कोण सांगणार? ती स्वस्त म्हणून विकली गेली ही चूक झाली, हे पुढे रतन टाटांनीही जाहीरपणे मान्य केलं. इंजिनिअरिंगने किंमत खाली आणली आणि त्याच किमतीने गिऱ्हाइकाची मान खाली घातली.

ही मान खाली जाणार हे आधी ओळखणं, हे आपलं काम. या लेखात ते शिकायचं कसं, नोकरी कुठे मिळते आणि पुढची दहा वर्षं कशी दिसतात, हे माझ्या अनुभवातून सांगतो.

कामाचं नाव एक, खुर्च्या चार

१९६८च्या सुमारास लंडनमध्ये दोन एजन्सींत हे पद जवळजवळ एकाच वेळी जन्मलं. एकीकडे जेडब्ल्यूटीमध्ये स्टीफन किंग (भुताच्या कादंबऱ्यावाले नव्हेत), दुसरीकडे बीएमपीमध्ये स्टॅनली पोलिट. जाहिरात ठरवताना खोलीत गिऱ्हाइकाची बाजू मांडणारा कोणीतरी हवा, एवढीच कल्पना. त्या माणसाला ‘अकाउंट प्लॅनर’ म्हणायचे. आजही मुंबईत जुनी मंडळी ‘प्लॅनिंगमध्ये आहे’ असंच म्हणतात.

आज ही माणसं चार ठिकाणी बसतात. जाहिरात एजन्सीत ती क्लायंटचा ब्रीफ (काय हवंय ते सांगणारं टिपण) घेऊन त्याचा क्रिएटिव्ह ब्रीफ (जाहिरात बनवणाऱ्यांना दिशा देणारं टिपण) करतात. ब्रँडिंग किंवा डिझाइन स्टुडिओत नाव, लोगो, पॅकेजिंग, ब्रँडची भाषा अशी मुळातली कामं असतात. कंपनीत, म्हणजे क्लायंटच्या बाजूला, हेच काम ब्रँड मॅनेजर करतो, पण त्याच्या डोक्यावर विक्रीचं टार्गेटही असतं. चौथी जागा मार्केट रिसर्च कंपनी. नवख्यांना ती दिसतच नाही आणि माझ्या मते सुरुवातीला तीच सगळ्यात चांगली. दोन वर्षं लोकांच्या घरात बसून मुलाखती घेतल्यात की पुढे मीटिंगमध्ये ‘कन्झ्युमरला असं वाटतं’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर खरी माणसं असतात.

शिक्षणावर थोडक्यात

या कामाला परवाना लागत नाही. मी पाहिलेल्या चांगल्या स्ट्रॅटेजिस्टमध्ये समाजशास्त्राचे, इंजिनिअर, वकील, एक तर पशुवैद्यक आहे. तरी रांगेत पुढे उभं राहायला पदवी उपयोगी पडते. बारावीनंतर मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी (माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम, पूर्वीचा बीएमएम) हा सोपा रस्ता. पदव्युत्तरला अहमदाबादचं मायका, पुण्याचं सिम्बायोसिसचं एसआयएमसी, मुंबईचं झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स ही नावं एजन्सींत चालतात. मायका १९९१ साली मुद्रा एजन्सीच्या पुढाकाराने सुरू झालं, त्यामुळे जाहिरातवाल्यांचं ते माहेरच. क्लायंटच्या बाजूला मोठ्या कंपनीत ब्रँड मॅनेजर व्हायचं असेल तर मात्र चांगल्या संस्थेचं एमबीए जवळपास अटच आहे. फी मोठी असते. कर्ज काढण्याआधी त्या संस्थेतून गेल्या दोन वर्षांत ‘स्ट्रॅटेजी’ किंवा ‘प्लॅनिंग’ या पदावर किती जण लागले, हे तिथल्या माजी विद्यार्थ्यांना थेट विचारा. प्लेसमेंटच्या पत्रकात अकाउंट मॅनेजमेंट, मीडिया आणि सेल्स एकाच टोपलीत टाकलेले असतात.

आता मुख्य गोष्ट: काम करून शिकणं

समजा, कोल्हापूरचा एक मसालेवाला तुमच्याकडे आला. कांदा-लसूण चटणी बनवतो (आपल्याकडे चटणी म्हणजे तिखट, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी). कोल्हापुरात थोडीफार खपते. त्याला पुण्यात विकायची आहे. म्हणतो, ‘जाहिरात करू या, टॅगलाइन द्या, आईच्या हातची चव वगैरे.’

पहिली पायरी: टॅगलाइन देऊ नका. धंद्याचा प्रश्न काय, ते विचारा. वर्षाला किती किलो विकतो, कोणत्या महिन्यात जास्त, दुकानदाराला मार्जिन किती, एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत येतं का? मालक वैतागतो, कारण हे आकडे त्याच्या मुनिमाच्या वहीत असतात. वही मागा. अर्धी स्ट्रॅटेजी तिथेच पडलेली असते.

दुसरी पायरी: दुकानात उभे राहा. पुण्यात वाकड, हिंजवडी, नऱ्हे या भागांतल्या दोन किराणा दुकानांत आणि एका सुपरमार्केटात प्रत्येकी दोन-तीन तास थांबा. मसाल्याच्या फळीपुढे माणूस किती वेळ थांबतो, पाकीट उलटून काय वाचतो, दुकानदाराला नावाने मागतो की ‘चांगलं कुठलं आहे?’ म्हणतो, हे लिहून घ्या. फोटो काढायला परवानगी विचारा. दुकानदार नाही म्हणाला तरी गप्पा मारतोच.

तिसरी पायरी: घरात जा. आठ-दहा घरं पुरतात. ‘तुम्ही ही चटणी घ्याल का?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात, आणि पाहुण्यांना चहा दिल्यावर तर नक्कीच म्हणतात. त्याऐवजी म्हणा, ‘तुमचा मसाल्याचा कप्पा दाखवता का?’ कप्पा खोटं बोलत नाही. तिथे तुम्हाला मूळ कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या घरांत एक मोठी बरणी दिसण्याची दाट शक्यता आहे. उन्हाळ्यात आईने संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणून, वाळवून, डंकावर कुटून आणलेली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेली. मग विचारा, ‘ही संपली की काय करता?’

या प्रश्नाने चित्र पालटतं. मसालेवाल्याचा स्पर्धक दुसरा मसालेवाला नाहीच, ती बरणी आहे. आणि बरणीशी चवीत भांडायला गेलात तर हरलात. आईच्या हातापुढे कोणतंही पाकीट दुसऱ्या नंबरचंच. म्हणून ‘आईच्या हातची चव’ ही मालकाची लाडकी ओळ पहिली खोडायची. ती ऐकून सून मनात म्हणते, ‘हं, म्हणे!’ पण बरणी कधीतरी तळाला जाते. दिवाळीनंतर, थंडीच्या तोंडावर. पुढची चटणी उन्हाळ्याशिवाय होत नाही. मधल्या चार-पाच महिन्यांत ते घर काय करतं? साधं लाल तिखट आणि गरम मसाला घालून वेळ मारून नेतं आणि नवरा रोज म्हणतो, ‘आमटीला ती मजा नाही.’

चौथी पायरी: एक पान लिहा. खरोखर एकच. त्यात एवढंच असतं:

धंद्याचा प्रश्न: पुण्यात ओळख नाही, आणि ज्यांना ही चव हवी त्यांच्याकडे घरची असते.
कोणासाठी: पुण्यात स्थायिक झालेली दक्षिण महाराष्ट्रातली तरुण घरं.
आज काय करतात: आईच्या बरणीवर भागवतात, ती संपली की तडजोड.
काय सांगायचं: आईची बरणी आणि पुढचा उन्हाळा यांच्यामधले महिने आमचे.
का पटावं: त्याच मिरच्या, डंकावरच कुटलेली, पाकिटावर कुटल्याचा महिना छापलेला.
यशाची खूण: नोव्हेंबर ते मार्च पुन्हा पुन्हा होणारी खरेदी.

बघा, जाहिरातीचा ‘ज’ यायच्या आधी किती गोष्टी ठरल्या. जोर उन्हाळ्यात लावायचा नाही, दिवाळीनंतर लावायचा. पाकीट किलोचं नको, दोनशे ग्रॅमचं हवं, कारण घराला पूल हवाय, नवी बरणी नकोय. पैसे आधी होर्डिंगवर घालायचे नाहीत. कोल्हापूरच्या ट्रॅव्हल्स जिथे थांबतात ते चौक, कोल्हापुरी मेस आणि त्या भागातली वीस दुकानं आधी धरायची. आईला शत्रू करायचं नाही. उलट तीच फोनवर सुचवेल, ‘तोवर ते आण.’

पाचवी पायरी: पान खोटं ठरवायचा प्रयत्न करा. वरचं सगळं दहा घरांवर उभं आहे. जी घरं बरणी संपल्यावर गावाहून पुन्हा मागवतात ती किती? विदर्भातल्या किंवा मुंबईतल्या घराला या गोष्टीशी काही देणंघेणं आहे का? नसेल, तर एवढ्याच गिऱ्हाइकांवर मालकाचा कारखाना चालेल का? हा हिशेब न करता पान सुंदर दिसतं म्हणून प्रेमात पडणं, हा आमच्या जमातीचा जुना रोग आहे. वीस दुकानांत तीन महिने माल ठेवून पाहा, मग बोला.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. एका घरगुती उद्योगाच्या मालकांपुढे मी चौऱ्याऐंशी स्लाइडचा डेक (म्हणजे प्रेझेंटेशन) वाचला होता. समाजशास्त्र, रंगांचं मानसशास्त्र, सगळं. त्यांनी शांतपणे चष्मा काढला आणि विचारलं, ‘म्हणजे साहेब, उद्या दुकानात काय बदलायचं?’ उत्तर माझ्याकडे नव्हतं. काम गेलं. तो प्रश्न आता प्रत्येक डेकच्या पहिल्या मसुद्यावर मी पेन्सिलीने लिहितो.

आकडे फुकट पडलेत, उचला

विद्यार्थी तक्रार करतात की महागडे रिपोर्ट परवडत नाहीत. सरकारी आकडे आधी वाचा. घरगुती उपभोग खर्चाच्या २०२३-२४च्या पाहणीनुसार माणशी मासिक खर्च सरासरी ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आहे. म्हणजे शहरातलं चौघांचं घर अठ्ठावीस हजारांच्या आसपास. आता तुमच्या डेकमधली ती ‘सर्वसामान्य शहरी तरुणी’ काढा, जी रोज अडीचशेची कॉफी पिते. ती सर्वसामान्य नाही, ती तुमच्या ऑफिसातली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कोणत्या राज्यात किती घरांत फ्रिज आहे, हेही सापडतं. बर्फाचा पदार्थ विकताना याहून मोलाचा आकडा कुठला?

एजन्सीत ‘एनसीसीएस ए’, ‘बी’ असं कानावर येईल. ती घरांची वर्गवारी आहे. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ठरावीक अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत, यावरून ती ठरते. उत्पन्न विचारलं तर लोक खरं सांगत नाहीत, पण वॉशिंग मशीन लपवता येत नाही.

पोर्टफोलिओत काय ठेवायचं

डिझायनरकडे चित्रं असतात, तुमच्याकडे काय? तीन गोष्टी पुरेत.

पहिली, उलटा ब्रीफ. एखादी गाजलेली जाहिरात घ्या आणि ती जन्माला घालणारा ब्रीफ काय असेल, ते एका पानात लिहा. उदाहरणार्थ, सर्फ एक्सेलचं ‘डाग अच्छे हैं’. साबणवाले आयुष्यभर डागांना शत्रू म्हणत आले. इथे डाग म्हणजे मूल काहीतरी चांगलं करून आल्याची खूण झाली. कोणत्या आईच्या मनातल्या कोणत्या अपराधी भावनेवर हे बेतलंय? ऐंशीच्या दशकात, निरमा स्वस्तात घराघरांत घुसली तेव्हा याच सर्फने ललिताजी उभी केली होती, पैन् पैचा हिशेब करणारी आणि तरीही महाग पावडर घेणारी. दोन्ही शेजारी ठेवून लिहा: बाई तीच, पण वीस वर्षांत तिची काळजी कशी बदलली.

दुसरी, तुमच्या गावातल्या खऱ्या धंद्यासाठी केलेलं काम. बेकरी, क्लासेस, पैठणीचं दुकान, काहीही. वर मसालेवाल्याचं केलं तसं, मुलाखतींच्या टिपणांसकट.

तिसरी, एखादा निर्णय चुकला असं तुम्हाला वाटतं त्याची चिरफाड, पुराव्यानिशी आणि नम्रपणे. त्या कंपनीत उद्या मुलाखतीला बसाल, हे लक्षात ठेवून.

लिहायला साचा हवा असेल तर ॲडव्हर्टायझिंग क्लबच्या एफी इंडिया पुरस्कारांच्या (हे परिणामकारक जाहिरातींना मिळतात) केस स्टडी वाचा. अडचण, उमगलेलं सत्य, कल्पना, परिणाम ही त्यांची मांडणी हाताला वळण लावते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की बक्षिसाच्या केस जिंकल्यावर लिहिलेल्या असतात; प्रत्यक्षात काम इतकं सरळ रेषेत होत नाही.

दार ठोठावताना

‘स्ट्रॅटेजी ट्रेनी’च्या जाहिराती कमी येतात. बहुतेक जण अकाउंट एक्झिक्युटिव्ह, कॉपी ट्रेनी, सोशल मीडिया किंवा रिसर्चमधून सरकत आत येतात. एजन्सीच्या स्ट्रॅटेजी हेडला थेट मेल करा, चार ओळींचा, सोबत वरचं एक पान. पाच मेलला एक उत्तर आलं तरी भरपूर.

मुलाखतीत ‘आवडता ब्रँड कोणता?’ हमखास येतं. ॲपल किंवा नायकी सांगू नका. समोरच्याने ते सकाळपासून सहा वेळा ऐकलेलं असतं. पूर्वी दुपारी एक ते चार दुकान बंद राहायचं त्यावरून झालेले विनोद पचवूनही चितळ्यांची बाकरवडी पुणेकर परगावी प्रेमाने का नेतो, यावर तुमचं स्वतःचं काही म्हणणं असेल तर ते सांगा.

इंग्रजीचं काय? स्पष्ट बोलतो. मुंबईतल्या एजन्सीत डेक इंग्रजीत लागतो, त्यातून सुटका नाही. पण वाक्यं साधी चालतात, किंबहुना साधीच चांगली. आणि फलटणच्या घरात जाऊन तिथल्या काकूंना बोलतं करणं कॉन्व्हेंटच्या इंग्रजीने जमत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे आपलं भांडवल समजावं. पहिली दोन वर्षं लाज बाळगण्यात घालवू नयेत, मी घालवली.

पुढची शिडी आणि पैसा

ज्युनिअर प्लॅनर, प्लॅनर, सीनियर, मग स्ट्रॅटेजी डायरेक्टर, हेड आणि वर सीएसओ (चीफ स्ट्रॅटेजी ऑफिसर) अशी पदं ढोबळमानाने असतात. पहिली दोन-तीन वर्षं डेस्क रिसर्च आणि दुसऱ्यांच्या स्लाइड. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखादा ब्रँड तुमच्या नावावर यावा. येत नसेल तर नोकरी बदला. एजन्सीतला सुरुवातीचा पगार एमबीए ब्रँड मॅनेजरच्या मानाने बराच कमी असतो आणि मुंबईच्या भाड्यात तो टोचतो. मोठी वाढ सहसा जागा बदलताना मिळते. पिचच्या, म्हणजे नवं काम मिळवायला सादरीकरण करायच्या दिवसांत रात्री जातात, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि हे काम टिकेल का?

मोठ्या एजन्सी आकसत आणि एकमेकींत विरघळत चालल्या आहेत. ज्या जेडब्ल्यूटीत हे पद जन्मलं, तिचं नाव २०१८मध्ये वंडरमन थॉम्पसनमध्ये गेलं आणि पुढे तेही व्हीएमएलमध्ये. डिसेंबर २०२४मध्ये ऑम्निकॉम या जाहिरात समूहाने इंटरपब्लिक हा दुसरा समूह विकत घेण्याची घोषणा केली. विलीनीकरणात एकाच कामाच्या दोन खुर्च्या निघतात आणि एक जाते. दुसरीकडून एआय आलंय. स्पर्धकांची माहिती गोळा करणं, शंभर रिव्ह्यूंचा गोषवारा, डेकचा पहिला खर्डा ही ज्युनिअरची कामं ते मिनिटांत करतं. तुमचं रोजचं काम एवढंच असेल तर धोका खरा आहे. मात्र ते कप्पा उघडून बरणी बघू शकत नाही, आणि मालकाला ‘तुमची लाडकी ओळ काढा’ म्हणायची जबाबदारी घेत नाही.

मागणी वाढताना मला दिसते ती लहान शहरांत. जिल्ह्यात नाव कमावलेले फरसाण, तेल, दूध, कपडे, क्लासेसवाले आता मुलांच्या हाती आलेत आणि त्यांना जिल्ह्याबाहेर जायचंय. ते ‘स्ट्रॅटेजी’ला पैसे देत नाहीत, पण नाव, पाकीट आणि दुकानाची पाटी यांना देतात. त्यांना तेच विका आणि त्याच्या पोटात स्ट्रॅटेजी घाला.

अशी कामं स्वतंत्रपणे घेणार असाल तर काही गोष्टी पाठ हव्यात. नाव सुचवण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्या. मसाले तिसाव्या वर्गात येतात, व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षांनी नवी करावी लागते. क्लायंटला ‘महाराष्ट्रात नंबर एक’ छापायचं असेल तर पुरावा मागा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर जून २०२२पासून केंद्र सरकारचे नियम आहेत. वर्षाची उलाढाल वीस लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. निम्मे पैसे काम सुरू करताना घ्या. किती वेळा बदल करून द्याल, तो आकडा पत्रातच लिहा, नाहीतर मालकांचे मेहुणे, साडू आणि व्याही सगळे रंगाबद्दल मत देऊन जातात.

आणि ते एक पान मराठीत लिहून मालकांच्या टेबलावर काचेखाली ठेवायला द्या. सहा महिन्यांनी गेलात आणि ते अजून तिथेच असलं, तर पुढच्या वर्षाच्या रीटेनरची (ठरावीक फीवर चालू राहणाऱ्या कामाची) गोष्ट त्याच दिवशी काढा.